डीएसटी आली, मशीन पीईएस मागतं : फुकटच्या सॉफ्टवेअरवर भरतकामाच्या फाइली कशा हाताळायच्या

व्हॉट्सॲपवर एक फाइल येते. नाव 'मोर', शेपूट 'डीएसटी'. मोबाइलवर दाबली तर उघडत नाही. कॉम्प्युटरवर घेतली तर तो उलट आपल्यालाच विचारतो, कशात उघडू? पेनड्राइव्हवर टाकून मशीनला लावली तर मशीनच्या पडद्यावर फाइलचा पत्ताच नाही. नवं भरतकामाचं मशीन घेतलेला माणूस पहिल्या पंधरा दिवसांत इथे येऊन अडकतो. मीही अडकले होते. पंचिंगच्या, म्हणजे चित्रावरून मशीनसाठी टाक्यांची फाइल बनवायच्या, सॉफ्टवेअरची किंमत विचारली तेव्हा कळलं, की त्या पैशात अजून एक मशीन आलं असतं.

तेव्हापासून माझं दुकान फुकटच्या सॉफ्टवेअरवरच चालतंय. ब्लाउजवरचे मोर, झबल्यांवरची नावं, मंडळाच्या टी-शर्टचे बिल्ले, सगळं. सूरतच्या कारखान्यांतलं भरगच्च काम यावर करायला जाल तर थकाल, पण घरगुती किंवा एका सुईच्या मशीनला जे लागतं ते यात होतं. मी काय करते ते त्याच क्रमाने सांगते.

आधी फाइल म्हणजे काय ते समजून घ्या

मशीनला जी फाइल लागते तिच्यात मोर नसतो. तिच्यात फक्त टाके असतात. सुई इथे टोच, मग इतकी उजवीकडे आणि इतकी वर जाऊन टोच, आता दोरा काप, आता थांब. डीएसटी हा तजिमा मशीनचा जुना प्रकार. त्यातलं माप मिलिमीटरच्या दहाव्या भागात असतं आणि एका पावलात सुई कुठल्याही बाजूला १२.१ मिमीपेक्षा जास्त सरकू शकत नाही. लांब उडी घ्यायची तर ती तुकड्यातुकड्यांनी लिहिलेली असते. आणि डीएसटीत रंग नसतात. 'इथे दोरा बदला' एवढंच असतं. कुठला दोरा लावायचा ते पंचिंगवाल्याने कागदावर लिहून दिलं तरच कळतं.

पंचिंग करणाऱ्याकडे मात्र वेगळी फाइल असते. तिच्यात 'हा पिसाचा आकार, तो सॅटिनने (एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाणाऱ्या चकाकत्या टाक्यांनी) भर, एवढ्या घट्ट' अशी माहिती असते. ती मोठी केली की सॉफ्टवेअर टाके नव्याने मोजतं. तुमच्याकडे आलेली डीएसटी त्या फाइलपासून तयार झालेली असते. भाजलेल्या भाकरीचं परत पीठ होत नाही, तसं डीएसटीतून ती मूळ फाइल परत निघत नाही. पुढे जिथे जिथे 'हे जमणार नाही' असं म्हणेन, तिथे कारण बहुतेक हेच असेल.

आता मशीनचं पुस्तक काढा आणि दोन गोष्टी शोधा. एक, मशीन कुठली फाइल वाचतं. ब्रदरला पीईएस लागते. जनोमेला, म्हणजे आपल्याकडच्या उषा जनोमेला, जेईएफ. बर्निनाची मशीनं ईएक्सपी घेतात, हुस्कवर्ना वायकिंग आणि फाफ व्हीपी३ घेतात, सिंगरच्या काही मशीनना एक्सएक्सएक्स लागते. कारखान्यातली बहुसुई मशीनं जवळपास सगळी डीएसटी वाचतात, आणि बरीच घरगुती मशीनंही ती वाचतात. म्हणून पुस्तक आधी बघा, कदाचित काही बदलायची गरजच नसेल. दुसरी गोष्ट फ्रेमचं, म्हणजे कापड ताणून धरणाऱ्या चौकटीचं, खरं माप. बाहेरून मोजलेलं नाही, भरायला मिळणारी जागा किती ते. छोट्या मशीनवर ते बहुधा १०० बाय १०० मिमी असतं.

सॉफ्टवेअर बसवणं

दोन गोष्टी लागतात. पहिली इंकस्केप, म्हणजे चित्र काढायचं मोफत सॉफ्टवेअर. दुसरी इंक/स्टिच. हे वेगळं सॉफ्टवेअर नाही, इंकस्केपच्या आत बसणारं जोड-साधन आहे. दोन्ही मुक्त स्रोत आहेत, विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतात, आणि वर्षभराची वर्गणी वगैरे भानगड नाही. मोबाइलवर मात्र चालत नाहीत.

आधी इंकस्केप त्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घ्या, आवृत्ती १ किंवा त्यापुढची. ते बसवून एकदा उघडून बंद करा. मग इंक/स्टिच त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवा. विंडोजवर बसवताना निळी चौकट येऊन 'अनोळखी प्रोग्रॅम' असं घाबरवते. फाइल मूळ ठिकाणाहूनच आणलेली असेल तर 'मोअर इन्फो' दाबून पुढे जा. दुसऱ्या कुठल्या 'फ्री डाउनलोड'वाल्या पानावरून आणली असेल तर घाबरलेलंच बरं. इंकस्केप पुन्हा उघडलं की वरच्या 'एक्स्टेन्शन्स' मेनूत 'इंक/स्टिच' दिसायला हवं. दिसत नसेल तर नव्वद टक्के वेळा इंकस्केप उघडं ठेवूनच इंक/स्टिच बसवलेलं असतं. बंद करून परत उघडा.

मेनूची नावं मी इंग्रजीच ठेवते आहे. पडद्यावर तीच दिसतात, आणि मी मराठी नाव दिलं तर तुम्ही ते शोधत बसाल.

फक्त प्रकार बदलायचा असेल तर

सर्वांत सोपं काम हे, आणि सर्वांत जास्त वेळा लागणारंही.

इंकस्केपमध्ये 'फाइल', 'ओपन' करून मोराची डीएसटी उघडा. हो, थेट उघडते. पडद्यावर मोर दिसेल, पण रंग बघून हसू येईल. आमच्या मोराची मान तपकिरी आणि चोच जांभळी होती. फाइल बिघडलेली नसते. डीएसटीत रंगच नाहीत, म्हणून सॉफ्टवेअर मनाला येतील ते लावतं.

लगेच साठवू नका. 'एक्स्टेन्शन्स', 'इंक/स्टिच', 'व्हिज्युअलाइज ॲण्ड एक्सपोर्ट' मधलं 'सिम्युलेटर' चालवा. सुई कुठून सुरू करते, कुठे उडी मारते, दोरा कितीदा बदलायचा, सगळं पडद्यावर भरून दिसतं. टाक्यांची एकूण संख्याही तिथेच दिसते, आणि हजार टाक्यांमागे दर सांगायचा असेल तर हाच आकडा लागतो. वेळेचा अंदाजही यावरूनच काढता येतो. १२,००० टाके, मशीन मिनिटाला ४०० टाके मारणारं, म्हणजे नुसते टाकेच अर्धा तास. दोरे बदलणं आणि तुटलेला दोरा ओवणं वेगळं. गिऱ्हाइकाला 'दहा मिनिटांत देते' म्हणण्याआधी हा हिशेब करा.

आता 'फाइल' मेनूत 'सेव्ह अ कॉपी' घ्या आणि प्रकारांच्या लांबलचक यादीतून पीईएस किंवा जेईएफ निवडा. 'सेव्ह ॲज' नको, 'सेव्ह अ कॉपी'च. फरक बारीक आहे, पण महागात पडतो. 'सेव्ह ॲज' केलं की तुमच्यासमोरची फाइलच पीईएस होऊन बसते. मग पुढे केलेलं सगळं काम सवयीने कंट्रोल-एस दाबून तुम्ही नुसत्या टाक्यांत घालवता. मूळ काम कायम इंकस्केपच्या एसव्हीजी प्रकारात ठेवायचं आणि मशीनसाठी प्रत काढायची. दोन-तीन मशीनसाठी एकदम फाइली हव्या असतील तर त्याच यादीत इंक/स्टिचची झिप आहे. ती निवडली की कुठले प्रकार हवेत त्यावर खुणा करायच्या.

एखादी फाइल 'ईएमबी' अशी येते. ती विलकॉम या पंचिंगच्या विकतच्या सॉफ्टवेअरची मूळ फाइल, वर सांगितलं ते पीठच. इंक/स्टिच ती उघडत नाही. त्यासाठी विलकॉमचंच ट्रूसायझर नावाचं मोफत साधन आहे, त्यात उघडून मशीनच्या प्रकारात काढता येते. आणि फाइल टिकली किंवा सिक्वेन्सच्या कामाची असेल तर घरगुती मशीनसाठी ती बदलायच्या फंदात पडू नका. प्रकार बदलून तुमच्या मशीनला टिकल्या लावणारं यंत्र येणार नाही.

रंग लावणं, भाग काढणं, क्रम बदलणं

उघडलेल्या डीएसटीत प्रत्येक रंगाचा एकेक गट तयार झालेला असतो. 'ऑब्जेक्ट' मेनूतून 'लेयर्स ॲण्ड ऑब्जेक्ट्स' उघडलं की उजवीकडे यादी येते. एकेक गट निवडा आणि खालच्या रंगपट्टीवर शिफ्ट धरून हवा तो रंग दाबा. शिफ्ट विसरलात तर रंग रेषेला न लागता आत भरला जातो, आणि मोराच्या जागी रंगाचा डाग उठतो. घाबरायचं नाही, कंट्रोल-झेड.

रंगांच्या बाबतीत एक गंमत लक्षात ठेवा. एकापाठोपाठ येणाऱ्या दोन गटांना अगदी सारखाच रंग दिला तर इंक/स्टिच त्यांना एकच समजतं आणि मशीन मधे थांबत नाही. कधी हे फायद्याचं असतं. मोराच्या फाइलमध्ये निळ्याच्या दोन छटा होत्या, माझ्याकडे एकच निळा दोरा होता. दोन्हींना एकच निळा दिला, एक थांबा वाचला. उलट वरून शिवायचा कापडाचा तुकडा मधेच ठेवायला मशीन थांबणं गरजेचं असेल, तर छटा किंचित वेगळी ठेवा किंवा त्या जागी 'स्टॉप' ही आज्ञा जोडा.

यादीत जे सर्वांत खाली ते मशीन सर्वांत आधी भरतं. वर असेल ते शेवटी, सगळ्यांच्या अंगावर. मोराचा डोळा मानेच्या खाली गेला असेल तर तो निवडून पेज-अप दाबत वर आणा. नको असलेला भाग काढायचा तर गट फोडा ('ऑब्जेक्ट' मधलं 'अनग्रुप'), तो भाग निवडा, डिलीट. पण काढल्यावर सिम्युलेटर पुन्हा बघा. मधला तुकडा गेला की सुई एका टोकावरून दुसऱ्या टोकावर लांब उडी घेते. तिथे 'ट्रिम'ची आज्ञा लावा, नाहीतर कापडावर ताणलेला दोरा राहतो आणि कात्रीने कापत बसावं लागतं.

लहान-मोठं करणं

आता माझी फजिती सांगते.

एका मंडळाचा बिल्ला भरायचा होता. त्यांच्या आधीच्या पंचिंगवाल्याने डीएसटी दिली होती, रुंदी १४० मिमी. माझी फ्रेम १०० ची. मी कोपरा धरून ओढला, सत्तर टक्के केला, ९८ मिमी झाला, पीईएस काढली, लावली मशीनला. तिसऱ्या मिनिटाला आवाज बदलला. पाचव्या मिनिटाला सुई तुटली. कापड काढून बघितलं तर भरलेला भाग पत्र्यासारखा कडक.

काय झालं ते आकड्यांत बघा. मूळ फाइलमध्ये भरावाच्या दोन ओळींमधलं अंतर ०.४ मिमी धरा. सत्तर टक्के केल्यावर ते ०.२८ झालं. प्रत्येक टाक्याची लांबीही तितकीच घटली. क्षेत्रफळ शंभराचं एकोणपन्नास झालं, पण टाके तेवढेच राहिले. म्हणजे निम्म्या जागेत सगळे टाके. सुई आधीच्याच दोऱ्यात पुन्हा पुन्हा घुसणार, दुसरं काय होणार? उलटं केलं तर उलटा ताप. १३० टक्के केलंत तर ओळींतलं अंतर ०.५२ होतं आणि मधून कापड डोकावतं. सॅटिनचे लांब टाके आणखी लांब होतात आणि बांगडीत अडकतात.

म्हणून नुसत्या टाक्यांची फाइल असेल तर दहा टक्के वर, दहा टक्के खाली. त्यापलीकडे जायचं नाही. त्याहून लागत असेल तर तीन रस्ते आहेत. पंचिंगवाल्याकडून हव्या मापाची फाइल मागा. त्याच्यासाठी ते दोन मिनिटांचं काम असतं. नाहीतर आकार साधा असेल तर ती डीएसटी खाली ठेवून तिच्यावरून इंकस्केपमध्ये आकार नव्याने गिरवा, त्यांना इंक/स्टिचचे टाके द्या आणि जुनी काढून टाका. बिल्ल्याचं मी शेवटी हेच केलं. दोन संध्याकाळी गेल्या, पण आता तो बिल्ला टोपीपासून झेंड्यापर्यंत हव्या त्या मापात निघतो. तिसरा रस्ता, मोठी फ्रेम असलेल्या मैत्रिणीकडे जा.

देवनागरी नाव भरणं

आता खरं आपलं काम. इंक/स्टिचमध्ये 'लेटरिंग' म्हणून तयार अक्षरांची सोय आहे, इंग्रजी नावांसाठी ती झकास. आपल्याला मात्र 'श्रावणी' हवंय झबल्यावर. ते घडवू.

'फाइल', 'डॉक्युमेंट प्रॉपर्टीज' उघडून एकक मिलिमीटर करा आणि पानाचं माप फ्रेमएवढं, १०० बाय १००. पानाचा मध्य हाच फ्रेमचा मध्य धरला जातो, म्हणून काम पानाच्या मधोमध ठेवायचं आणि काठापासून थोडं आत. ९८ च्या वर मी जात नाही. काही मशीनं १०० च्या फ्रेमला १००.२ ची फाइल दाखवतही नाहीत, आणि कारणही सांगत नाहीत.

अक्षराच्या साधनाने 'श्रावणी' लिहा. फॉन्ट जाड आणि गोलसर घ्या. मुंबईच्या एकटाइपने केलेला बालू २ मला भरतकामाला फार आवडतो. त्याच्या कडा गुबगुबीत आहेत, टोकं बारीक होत नाहीत, आणि तो मोफत आहे. त्यांचाच मुक्ता थोडा सडपातळ, पण मोठ्या मापात छान. वर्तमानपत्री मथळ्यांसारखे जाड-बारीक फॉन्ट भरतकामाला कुचकामी. बारीक रेघ १ मिमीच्या खाली गेली की तिथे टाका उभाच राहत नाही.

आता 'पाथ', 'ऑब्जेक्ट टू पाथ'. अक्षरांचे आकार झाले, यापुढे शुद्धलेखन बदलता येणार नाही. म्हणून आधी गिऱ्हाइकाकडून नाव लिहून घ्या. ऱ्हस्व-दीर्घ तोंडी सांगितलेलं मी आता मानत नाही. गट फोडा, सगळे आकार निवडा आणि 'पाथ' मधलं 'युनियन' दाबा.

ही पायरी नवे लोक हमखास गाळतात. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेखेचा तुकडा घेऊन आलेलं असतं, आणि शेजारच्या तुकड्यावर तो किंचित चढलेला असतो. पडद्यावर कळत नाही. पण मशीन तो चढलेला भाग दोनदा भरतं आणि शिरोरेखेवर दर अक्षराला एक गाठ उठते. बोट फिरवलं की मण्यांसारखी लागते. युनियन केलं की सगळा शब्द एक आकार होतो. आणि इथे देवनागरीचा फायदा मिळतो. इंग्रजी नावात प्रत्येक अक्षर सुटं, दर अक्षराला उडी आणि कापणं. आपल्या शब्दात शिरोरेखेने सगळी जोडलेली, त्यामुळे मशीन भरावाच्या खालून चालत एका अक्षरातून दुसऱ्यात जातं. 'श्रावणी' एकही दोरा न कापता पूर्ण होऊ शकतं. अनुस्वार आला किंवा भ-धसारखी शिरोरेखा तुटणारी अक्षरं आली तर उडी पडू शकते, ती सिम्युलेटरमध्ये बघून घ्या.

आकाराला रंग भरलेला हवा, बाहेरची रेघ नको. रेघ राहिली तर ती वेगळा टाका म्हणून भरली जाते. आता आकार निवडून 'एक्स्टेन्शन्स', 'इंक/स्टिच', 'पॅरॅम्स'. समोर खूप खाने येतात. सुरुवातीला चारच बघा.

ओळींतलं अंतर : इंक/स्टिच आपणहून ०.२५ मिमी देतं. जाड कापडावर, गडद रंगावर पांढरं भरायचं तर ठीक. झबल्याच्या मऊ सुतीवर मला ते फार घट्ट वाटतं. नेहमीच्या ४० नंबर दोऱ्याला मी ०.३५ ते ०.४ ठेवते.

ओळींचा कोन : शून्य म्हणजे आडवे टाके. शिरोरेखाही आडवी. टाके तिच्या लांबीच्या दिशेने पळतात आणि तिची कड दातेरी दिसते. कोन ४५ करा. फरक पहिल्याच नमुन्यात दिसेल.

फुगवटा, म्हणजे 'एक्स्पांड' : दोरा कापडाला आत ओढतो, त्यामुळे भरलेलं अक्षर पडद्यापेक्षा नेहमी बारीक येतं. ०.२ मिमी देते. जास्त दिलंत तर 'ण' आणि 'श' यांच्या पोटातली पोकळी बुजते, आणि 'श्रावणी' लांबून काहीतरी भलतंच वाचलं जातं.

खालचा आधार, म्हणजे 'अंडरले' : चालूच ठेवा. हे मुख्य भरावाखालचे विरळ टाके कापडाला, त्याच्या पाठीला आधारासाठी लावलेल्या कागदाशी बांधून ठेवतात. टाके वाचवायला कुणी हे बंद करायला सांगेल, ऐकू नका.

नाव मोठं असेल, जॅकेटच्या पाठीवर वगैरे, तर मी शिरोरेखा वेगळी करते. अक्षरांची शिरोरेखा कापून टाकायची, तिथे एक सरळ रेघ काढायची, ४ मिमी जाड, आणि 'टूल्स : सॅटिन' मधून ती रेघ सॅटिनमध्ये बदलायची. ती यादीत सर्वांत वर, म्हणजे शेवटी भरली जाणारी. सॅटिनचे टाके उभे पडतात, चकाकतात, आणि अक्षरांमधल्या सगळ्या उड्या तिच्याखाली लपतात. सॅटिनची रुंदी ७ मिमीच्या पुढे नेऊ नका, टाके सैल पडून अडकतात.

मापाचं म्हणाल तर मात्रा-वेलांटीसह १५ मिमी उंचीच्या खाली देवनागरी नाव मी घेत नाही. इंग्रजी मोठी अक्षरं ५-६ मिमीतही वाचता येतात. आपल्या अक्षरांना वर इकार, खाली उकार, मधे गाठी. जागा लागते. गिऱ्हाईक रुमालाच्या कोपऱ्यात 'अगदी छोटंसं' मागतं, तेव्हा साध्या रनिंग टाक्याची अक्षरं काढून देते.

साठवण्याआधी 'ट्रबलशूट' मधलं तपासणीचं साधन एकदा चालवा. आकाराची कड स्वतःलाच ओलांडत असेल किंवा कुठे कणभर आकार राहिला असेल तर ते बाण दाखवून सांगतं. मग एसव्हीजी साठवा, आणि 'सेव्ह अ कॉपी'ने मशीनची प्रत काढा.

फोटोवरून आपोआप डिझाइन करायचा मोह होईल. इंकस्केपचं 'ट्रेस बिटमॅप' दोन रंगांच्या स्वच्छ चित्राला ठीक आहे. लग्नाच्या फोटोवर लावलंत तर शेकडो ठिपके मिळतील आणि मशीन रात्रभर टकटक करेल.

पेनड्राइव्हपासून कापडापर्यंत

पेनड्राइव्ह लहान आणि जुना चांगला, फॅट३२ प्रकाराने फॉरमॅट केलेला. फाइलचं नाव इंग्रजी अक्षरांत, छोटं, मधे जागा न सोडता. 'श्रावणी अंतिम नवीन २' असं देवनागरी नाव दिलंत तर बऱ्याच मशीनना ती फाइल दिसतच नाही. मशीनने पेनड्राइव्हवर स्वतःचं फोल्डर केलं असेल तर फाइल त्याच्या आत टाका, बाहेर नको.

पहिला नमुना कधीही खऱ्या कपड्यावर नाही. आणि कुठल्यातरी चिंधीवरही नाही. ज्या जातीचं कापड, त्याच जातीचा तुकडा, पाठीला तोच कागद, तीच सुई. सुती ब्लाउजपीसला फाडून काढायचा कागद चालतो. टी-शर्टचं होजिअरी ताणलं जातं, त्याला कापून काढायचा, कायम मागे राहणारा कागद हवा, नाहीतर पहिल्या धुण्यात बिल्ला गोळा होतो. टॉवेलला वरून पाण्यात विरघळणारा पातळ कागद ठेवा, नाहीतर अक्षरं लवेत बुडतात. सुई साधारण ७५/११.

नमुना निघाला की काय बघायचं? भोवती चुण्या पडल्या असतील तर आधी फ्रेममध्ये कापड कसं बसलंय ते बघा, मग ओळींतलं अंतर वाढवा. भराव आणि कडेची रेघ यांच्यामध्ये कापड दिसत असेल तर फुगवटा थोडा वाढवा. खाली दोऱ्याचा गुंता झाला असेल तर फाइलला दोष देऊ नका, वरचा दोरा काढून नीट ओवा. दहातल्या आठ वेळा तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. एकाच जागी दर वेळी दोरा तुटत असेल तर मात्र दोष फाइलचा. सिम्युलेटरमध्ये त्या जागेवर थांबा, तिथे बारीक टाक्यांचा ढीग सापडेल.

विकत घेतलेली फाइल दुसऱ्याला पाठवू नका, हेही सांगून ठेवते. आपण स्वतः फाइल विकायला लागलो की हे फार लवकर समजतं.

नमुन्याचा तुकडा मी फेकत नाही. बॉलपेनने त्याच्या कडेवर लिहून ठेवते. परवाच्या 'श्रावणी'च्या पहिल्या तुकड्यावर लिहिलंय : ०.३५, कोन ०, फुगवटा ०.२, शिरोरेखा दातेरी. दुसऱ्यावर : ०.४, कोन ४५, फुगवटा ०.२, बरं, पण 'ण' बुजला. तिसऱ्यावर : फुगवटा ०.१५, दे.